२४ व्होल्टची बोट, दर हंगामाला एकच बॅटरी जाते. डायनामो मोठा बसवू का?

हर्णै_नाखवा
नमस्कार मंडळी. बोट फायबरची, गिलनेटची. सहा सिलिंडरचं इंजिन, २४ व्होल्टचा सेल्फ (इंजिन चालू करणारा स्टार्टर), १३० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. डायनामो ट्रकचा असतो तोच, २४ व्होल्ट ४५ अँपिअर.

जाळं मारलं की इंजिन बंद. रात्रभर मात्र मस्तकावरचा दिवा, जाळ्याकडचा एलईडी, केबिनची पट्टी, व्हीएचएफ रेडिओ, फिशफाइंडर-जीपीएस आणि सरकारी योजनेतून मिळालेला, बोटीची जागा किनाऱ्याला कळवणारा ट्रान्सपाँडर हे सगळं चालू असतं. पहाटे जाळं ओढायच्या वेळी सेल्फ कुंथतो. कधी उचलतो, कधी नुसता टक् करून थांबतो. मागच्या महिन्यात शेजारच्या बोटीने त्यांची बॅटरी दिली म्हणून घरी आलो.

इलेक्ट्रिशियनने डायनामो उघडून कार्बन बदलले, कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बदललं. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो की बसचा ८० अँपिअरचा डायनामो बसवू. खर्च बराच आहे आणि मासेमारीची पावसाळी बंदी लागायला थोडेच दिवस उरलेत. १ जूनला बोट वर घेतली की जुलैअखेरपर्यंत काम करायला वेळ आहे. पैसे घालायचे ते कुठे घालू?

सहा_सिलिंडर
८० चा बसवा आणि मोकळे व्हा. आता बोटीवर किती वस्तू वाढल्यात बघा. जुन्या काळी एक बल्ब आणि सेल्फ, त्याला ४५ पुरत होता.

डायनामोवाला_मिरकरवाडा
नाखवा, अजून काही विकत घेऊ नका. बोट पाण्यात आहे तोवर माप घ्या, वर घेतल्यावर इंजिन नीट लोडवर चालवता येत नाही. साधा डिजिटल मीटर पुरेल. क्लँप मीटर कोणाकडून मिळाला तर उत्तम, पण डीसी करंट मोजणारा हवा. बरेचसे स्वस्त क्लँप फक्त एसी मोजतात.

आधी पट्टा बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. पुलीच्या आजूबाजूला काळी भुकटी दिसली तर पट्टा घसरतोय.

मग इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर ठेवा, रात्रीचे सगळे दिवे लावा आणि हे आकडे लिहून घ्या: डायनामोच्या बी प्लस खिळ्यापासून (जिथून करंट बाहेर येतो) त्याच्याच बॉडीपर्यंत किती व्होल्ट. दोन्ही बॅटऱ्या मिळून किती. मग प्रत्येक बॅटरी वेगळी किती. हे शेवटचं कोणी करत नाही, तुम्ही नक्की करा.

त्यानंतर मीटरची एक पिन बी प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. जे दिसेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. तसंच डायनामोची बॉडी ते बॅटरीचं मायनस. पिन टेकवायची ती बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, वरच्या क्लँपवर नाही, नाहीतर क्लँपखालचा गंज मापात येणार नाही.

डायनामोतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तपासायला मीटर एसीवर घ्या आणि चालू इंजिनावर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. ०.५ च्या वर गेलं तर डायोडचा संशय धरा. स्वस्त मीटर एसीवर डीसीलाही भलताच मोठा आकडा दाखवतात, तेव्हा पिना उलट करूनही बघा. आणि पहाटे इंजिन चालू करायच्या आधी डायनामोला हात लावा. रात्रभर बंद असलेल्या थंड इंजिनावर तो एकटाच कोमट लागला, तर बॅटरी डायोडमधून गळतेय.

देवगड_गिलनेट
आमच्याकडे पण ह्याच. दोन बॅटरींतली मायनसकडची दर वर्साक जाता, दुसऱ्येक काय होना नाय. इलेक्ट्रिशियन म्हणता कंपनीचो माल बरो नाय. कंपनी बदललंय, तरी त्याच जाग्यारची जाता.

इंजिनरूम_ठाणे
देवगडकर, तुम्ही लिहिलंत त्यातच बहुधा उत्तर आहे. (मी मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल बघायचो, आता निवृत्त.) नाखवा आणि तुम्ही दोघंही एक सांगा: व्हीएचएफ आणि फिशफाइंडरला १२ व्होल्ट कुठून दिलेत?

देवगड_गिलनेट
दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून.

हर्णै_नाखवा
आमचंही तसंच, मधल्या पट्टीवरून वायर घेतली आहे. बोट घेतली तेव्हापासून तशीच आहे.

मापं घेतली. पट्टा ठीक, भुकटी नाही.
डायनामोवर २८.०५.
दोन्ही बॅटऱ्या मिळून २७.१.
मायनसकडची बॅटरी १२.६, प्लसकडची १४.५.
बी प्लस ते बॅटरी प्लस ०.३५. बॉडी ते बॅटरी मायनस ०.६.
एसी ०.०८, पिना उलट केल्यावर तेवढाच. डायनामो पहाटे गार होता. क्लँप मीटर सोसायटीतून मिळाला, दिवे लावून बॅटरीकडे २५ अँपिअर जात होते, अर्ध्या तासात १२ वर आले.

प्लसकडच्या बॅटरीत पाणी सारखं घालावं लागतं. मायनसकडचीला हात लावावा लागत नाही, तरी तीच मरते. हे कसं?

इंजिनरूम_ठाणे
डायनामो तुमचा निरोगी आहे. २८.०५ देतोय, डायोड ठीक, पट्टा ठीक. दोष दोन आहेत आणि ते सोडवायचा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला दोष मधल्या वायरीचा. हिशेब मांडू. व्हीएचएफ नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर, फिशफाइंडर दीड, केबिनची पट्टी आणि मोबाइल चार्जिंग मिळून दोन. म्हणजे १२ व्होल्टवर चार अँपिअर, आणि हे सगळे मायनसकडच्या एकाच बॅटरीतून. दहा तासांत ४० अँपिअर-अवर गेले. २४ व्होल्टचे दिवे दोन अँपिअर धरले तर दहा तासांत २० गेले, ते दोन्ही बॅटऱ्यांमधून सारखे. पहाटे मायनसकडची ६० ने रिकामी, प्लसकडची फक्त २० ने.

आता इंजिन चालू झालं. सिरीज जोडणीत दोघींतून करंट एकच वाहतो. जेवढे अँपिअर-अवर एकीत जाणार तेवढेच दुसरीत. वरची (प्लसकडची) २० घेऊन भरते, तेव्हा खालची (मायनसकडची) ४० ने उपाशीच असते. त्यातून दिवसाही १२ व्होल्टचं सामान खालचीतूनच ओढतंय. डायनामोच्या कटआउटला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त बेरीज दिसते. बेरीज २८ झाली की तो हात आखडता घेतो. वरची १४.५ वर उकळत राहते म्हणून तिचं पाणी उडतं, खालची १२.६ वर अर्धपोटी राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. एका हंगामात तिची ताकद निम्मी होते.

दुसरा दोष वाटेतला. ०.३५ आणि ०.६ मिळून जवळपास एक व्होल्ट वायरीत आणि जोडात जातोय. मायनसकडे जास्त जातोय म्हणजे इंजिनाच्या बॉडीवरचा अर्थिंगचा जोड बघा, खाली रंग असेल किंवा थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला दाबलेल्या जोडात) हिरवा गंज.

पण केबल आधी बदलू नका. आज बेरीज २७.१ असताना वरची १४.५ वर आहे. केबल सुधारून बेरीज २८ केली आणि मधली वायर तशीच ठेवली, तर वाढलेलं जवळपास सगळं व्होल्टेज वरचीच्या वाट्याला येईल. ती १५ च्या वर जाईल आणि लवकरच कोरडी पडेल. मोठ्या डायनामोनेही हेच होईल. आधी मधली वायर काढा, मग केबल.

सहा_सिलिंडर
हिशेब पटला, पण माझा प्रश्न राहतोच. धावायला दोन-तीन तास मिळतात. तेवढ्यात बॅटरी भरायची तर डायनामो मोठा नको का?

डायनामोवाला_मिरकरवाडा
दादा, नाखव्याचं शेवटचं माप बघा. अर्ध्या तासात २५ वरून १२ अँपिअरवर आलं. म्हणजे ४५ चा डायनामोही पूर्ण वापरात नाही. पाण्याची शिशाची बॅटरी आपल्या क्षमतेच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त करंट फार वेळ घेत नाही, १३० च्या बॅटरीला तीस-बत्तीस अँपिअर झाले. शेवटचा वीस टक्के भाग तर थेंबाथेंबाने भरतो, तिथे डायनामो केवढाही असो.

शिवाय ८० अँपिअर २८ व्होल्टला सव्वादोन किलोवॉट होतात. डायनामोची उष्णता आणि नुकसान धरून इंजिनाकडून पाचेक हॉर्सपॉवर जातील. एकेरी पट्ट्यावर तेवढा भार सतत दिला तर पट्टा आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग दोन्ही जातात. पुलीही बदलावी लागते. बसचं इंजिन ज्या वेगाने फिरतं तसं तुमचं फिरत नाही. १४०० वर दोनास एक पुली धरली तर डायनामो २८०० वर फिरतो, आणि खोक्यावर लिहिलेला पूर्ण आकडा साधारण ६००० ला मिळतो. इंजिनघरात गरम झाला की त्याहून कमी.

मी स्वतः मोठे डायनामो बसवून देतो, त्यात माझा धंदा आहे. पण इथे त्याची गरज नाही.

हर्णै_नाखवा
इंजिनरूम साहेब, असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आता १२ व्होल्ट कुठून घेऊ? बाजारात २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, ट्रकवाले टेपला लावतात तो. तो चालेल?

इंजिनरूम_ठाणे
तात्पुरता चालेल. दोन्ही बॅटऱ्यांतून सारखं ओढेल, म्हणजे मूळ रोग गेला. दोन गोष्टी बघा: टेपचे स्वस्त कन्व्हर्टर रेडिओत खरखर आणतात. कन्व्हर्टर चालू ठेवून चॅनल १६ (संकटाच्या हाकेचं चॅनल) ऐका, दूरची बोट ऐकू येईनाशी झाली तर तो कन्व्हर्टर समुद्रात नेऊ नका. आणि व्हीएचएफ २५ वॉटवर बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, सगळं धरून कन्व्हर्टर पंधरा-वीस अँपिअरचा हवा.

बॅटरी इक्वलायझर नावाची वस्तूही मिळते, ती दोन बॅटऱ्यांमधला फरक भरून काढते. चांगली आहे, पण ती बंद पडली तर कळत नाही आणि जुनंच दुखणं परत सुरू होतं.

माझ्या मते खरा उपाय निराळा. सेल्फच्या बॅटऱ्यांवर रात्रीचं काहीच ठेवू नका. केबिनच्या सामानाला तिसरी, स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी द्या आणि ती २४ वरून १२ चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी चार्जरने भरा. इंजिन चालू असेल तेव्हाच तो चालेल अशी जोडणी करा. नुसता कन्व्हर्टर आणि चार्जर यांत फरक आहे: चार्जर आधी करंट देतो, मग १४.४ च्या आसपास धरून ठेवतो आणि शेवटी साडेतेराच्या जवळ उतरतो. रात्री कितीही दिवे जळोत, पहाटे सेल्फच्या दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या असतील.

हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. वादळाचा इशारा येतो, कोणी पाण्यात पडतं, तेव्हा इंजिन आणि रेडिओ दोन्ही एकाच बॅटरीच्या जिवावर नसले पाहिजेत. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज आहे तोवर, पुढे व्हीएचएफ आणि ट्रान्सपाँडरच.

शिडाची_होडी
मूळचा अलिबागचा, सध्या ऑकलंडला असतो, छोटी शिडाची बोट आहे. इकडे बरेच जण लिथियमकडे वळलेत, म्हणून तिसरी बॅटरी घ्यायच्या आधी थोडं सांगतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी, खोलवर वापरली तरी चालते आणि जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण करंट घेते. हाच गुण डायनामोला मारक ठरतो. शिशाची बॅटरी भरत आली की कमी घेते आणि डायनामोला उसंत मिळते. लिथियम ती देत नाही. कमी वेगावर डायनामो पूर्ण करंट देत राहतो, पंख्याची हवा पुरत नाही आणि वाइंडिंग जळतं. दुसरा धोका आतल्या बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा. काही बिघडलं की तो बॅटरी एका क्षणात तोडतो. चालू डायनामोचा भार असा तुटला की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात, सोबत फिशफाइंडरही जाऊ शकतो.

डीसी-डीसी चार्जर मध्ये असला तर दोन्ही टळतात, कारण तो ठरलेल्यापेक्षा जास्त ओढत नाही आणि डायनामोला सेल्फच्या शिशाच्या बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात. म्हणजे आज शिशाची घ्या, चार वर्षांनी लिथियम घ्यावीशी वाटली तर चार्जरची सेटिंग बदलून तीच जोडणी चालेल. मात्र चार्जर घेताना त्यात ती सेटिंग आहे का ते बघा.

याच कारणाने इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कधीही बंद करू नये. खलाशांनाही सांगून ठेवा.

सहा_सिलिंडर
आमच्या इथे कटआउटच्या सेन्स वायरीत (बॅटरीचं व्होल्टेज कटआउटला कळवणारी वायर) डायोड घालून व्होल्टेज वाढवतात. त्याने बॅटरी लवकर भरते म्हणतात.

डायनामोवाला_मिरकरवाडा
वाढतं, पण आपल्या हवेत ते नको. बॅटरी जितकी गरम तितकं कमी व्होल्टेज तिला लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण ०.०२५ ते ०.०३. इंजिनघरात बॅटरी ४५ अंशांवर असेल तर २५ अंशांच्या हिशेबापेक्षा अर्धा व्होल्ट कमी हवा. तिथे तुम्ही डायोड घालून अर्धा व्होल्ट वाढवता. ज्या डायनामोला सेन्सची वेगळी वायर आहे तिथे ती वायर सरळ बॅटरीच्या प्लसवर न्या, तेवढं बरोबर. आणि जमलं तर बॅटऱ्या इंजिनघरातून बाहेर, हवेशीर खोक्यात ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, झोपायच्या बंद केबिनमध्येही नको.

हर्णै_नाखवा
ठरवलं. तिसरी बॅटरी आणि चार्जर. बोट वर घेतली आहे, शाकारून झाली. कोणती बॅटरी घेऊ? दुकानदार इन्व्हर्टरची ट्युब्युलर १५० म्हणतो. जुन्या दोघींतली मेली ती एकच बदलली तर चालेल ना?

इंजिनरूम_ठाणे
ट्युब्युलर केबिनच्या सामानाला योग्य, खोल वापर सहन करते. उंच असते, म्हणून खाली लाकडी चौकट आणि वरून पट्टा हवाच. लाटेत आडवी झाली तर ॲसिड सांडेल. सेल्फला ती वापरू नका.

एकच बदलू नका. आधी दोन्ही घरी वेगवेगळ्या चार्जरवर पूर्ण भरा, एक रात्र ठेवा आणि प्रत्येक सेलच्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरने तपासा. सगळे सेल १.२४० च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असले तर ठीक. जुनी आणि नवी सिरीजमध्ये जोडली की पुन्हा असमतोल सुरू होतो, या वेळी वायर नसतानाही.

हर्णै_नाखवा
मायनसकडची भरूनही १.१८० च्या पुढे जात नाही, एक सेल १.१२० ला. प्लसकडचीच्या दोन सेलमध्ये प्लेटा उघड्या पडल्या होत्या. दोन्ही बदलतो.

डायनामोवाला_मिरकरवाडा
बरोबर. वायरिंग करताना: चार्जरला २४ च्या बाजूने सहा स्क्वेअर एमएम आणि बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, १२ च्या बाजूने दहा स्क्वेअर एमएम आणि तिसऱ्या बॅटरीजवळ ३० चा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, लांब नको. फ्यूजच्या आधी वायर घासली तर तिला अडवणारं काही नसतं आणि फायबर पेटतं. ट्रान्सपाँडर आणि व्हीएचएफला एकेक स्वतंत्र फ्यूज, दिव्यांबरोबर नाही. ट्रान्सपाँडरला व्होल्टेज द्याल ते त्याच्या खोक्यावर लिहिलंय तेच बघून.

वायर कलई केलेल्या तांब्याची मिळाली तर घ्या. थिंबल हातोडीने ठोकू नका, दाबाच्या पक्कडीने दाबा आणि वर गोंदाची श्रिंक ट्यूब. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून धातू चकाकेपर्यंत साफ करा, घट्ट करा आणि मगच वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून घट्ट करू नका.

हर्णै_नाखवा
मंडळी, नव्या हंगामात बोट पाण्यात गेली, काही फेऱ्याही झाल्या. आकडे देतो.

मधली वायर काढून टाकली. डायनामो जुनाच. प्लसची केबल ३५ स्क्वेअर एमएमची केली, मायनस इंजिनाच्या बॉडीवर न सोडता डायनामोच्या खिळ्यापासून थेट बॅटरीपर्यंत दुसरी केबल टाकली. १४०० वर सगळे दिवे लावून डायनामोवर २८.३, बॅटरीवर २८.१५. दोन बॅटऱ्या १४.०८ आणि १४.०७. पहाटे केबिनची बॅटरी १२.४, सेल्फच्या दोन्ही १२.७. इंजिन पहिल्या फिरकीला उचलतं.

केबिनच्या छपरावर १०० वॉटचं सोलर लावावं म्हणतोय. उपयोग होईल?

इंजिनरूम_ठाणे
होईल. चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-अवर मिळतात. डोलकाठीची किंवा दोरांची सावली पडली तर बरेच कमी, म्हणून जागा नीट निवडा. स्वतंत्र कंट्रोलर लावून फक्त केबिनच्या बॅटरीला जोडा. पुढच्या बंदीत बोट शाकारताना पॅनेल उघडं राहील असं बघा, म्हणजे ती बॅटरी वर असतानाही भरलेली राहील. सेल्फच्या दोन्ही घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करा.

देवगड_गिलनेट
मी पण मदली वायर काढलंय. सध्या कन्व्हर्टर लावलंय, चॅनल १६ वर खरखर नाय. तिसरी बॅटरी दिवाळीच्या टायमाक.

सहा_सिलिंडर
माझ्या बोटीचीही मापं घेतली. मधून वायर नाही, पण वाटेत दीड व्होल्ट जातोय. डायनामो ते बॅटरी साडेचार मीटर, ४० अँपिअरपर्यंत जातात. केबल किती जाडीची घेऊ?

डायनामोवाला_मिरकरवाडा
जाऊन-येऊन नऊ मीटर धरा. ०.०१७५ गुणिले नऊ, भागिले केबलची जाडी, आणि जे येईल त्याला ४० ने गुणा. २५ स्क्वेअर एमएमला पाव व्होल्ट जाईल, ३५ ला ०.१८. २४ व्होल्टला २५ पुरेल. पण दीड व्होल्ट नुसत्या केबलने जात नाहीत, कुठला तरी जोड खराब आहे. विकत घ्यायच्या आधी प्रत्येक थिंबलच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून तो शोधा आणि प्लसचं, मायनसचं माप वेगवेगळं इथे टाका.